तारांखाली स्क्रू-ड्रायव्हर आणि लिहून ठेवलेला राजीनामा

*ताई, मी 27 वर्षांचा. नाशिकच्या सिडकोत राहतो. डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो, त्याला पाच वर्षं झाली. शिफ्ट फिरती असते. बारावीपासून गिटार वाजवतो. आधी सगळे वाजवतात तीच गाणी वाजवायचो. मग नेल्स क्लाइन हा अमेरिकन गिटारवादक ऐकला आणि सगळं फिरलं. आता मी तारा वेगळ्याच सुरांत लावतो, तारांखाली स्क्रू-ड्रायव्हर सरकवतो, तारांवर स्प्रिंग घासतो, पायाखालच्या इफेक्ट पेडलवर आवाज उलटा फिरवतो. ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो त्यांनी 'तू गाणं बिघडवतोस' म्हणून काढून टाकलं. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. ते म्हणतात, हे संगीत नाही, नुसता कर्कश आवाज आहे आणि आवाजावर कुणाचं घर चालत नाही. घरात लग्नाचा विषय निघालाय. माझ्याकडे अडीच लाख साठलेत. राजीनामा लिहून ठेवलाय. दिवाळीचा बोनस मिळाला की नोकरी सोडायची, मुंबईला जायचं आणि लाखभराचं सामान हप्त्यावर घ्यायचं, असं मनात आहे. माझ्यासारख्याला यात आयुष्य काढता येईल का? आणि हे संगीत आहे ना?*

*– एक गिटारवाला, सिडको*

प्रिय मित्रा,

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. हो, हे संगीत आहे. बाबांना पटेल असा पुरावा आपल्याच घरातला आहे. तानपुरा लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतात आणि तो तसूतसूने मागेपुढे सरकवतात. एका जागी तार अचानक झणझणायला लागते. त्या झणझणीतून मूळ सुराच्या वरचे सूर एकामागून एक उमलत जातात. दोरा काढला तर तार स्वच्छ वाजते खरी, पण तानपुरा मुका होतो. ती जवारी नीट यावी म्हणून मिरजेचे कारागीर घोडी तासन् तास घासतात. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कसबाला. म्हणजे तारेच्या वाटेत मुद्दाम अडथळा घालायचा आणि त्यातून जास्तीचे सूर काढायचे, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती कुणाला विचित्र वाटतच नाही. तू स्क्रू-ड्रायव्हर घालतोस तेव्हा याच घराण्याचं काम करतोस.

फक्त ते काम तू अंदाजाने करतोस की मोजून, हे पत्रावरून कळलं नाही. मोजून कर. स्क्रू-ड्रायव्हर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर ठेवलास तर तारेचे बरोबर दोन सारखे भाग होतात. एक छेडलास की दुसरा आपोआप घुमतो, कारण दोघांचा सूर एकच. सातव्या फ्रेटवर ठेवलास तर एक भाग तिसरा हिस्सा आणि उरलेला दोन हिस्से, म्हणजे दोन्हींत बरोबर एका सप्तकाचं अंतर. पाचव्यावर एकास तीन. या जागांवरून काडीभर जरी हललास तरी घंटेसारखा, कुठल्याच पट्टीत न बसणारा आवाज येतो. दोन्ही हवे आहेत, पण कुठला कुठे मिळतो ते वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. सतारीच्या तरफेच्या तारा, म्हणजे खालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा, प्रत्येक रागाला नव्याने लावतात, तसं प्रत्येक तुकड्याचं तुझं ट्यूनिंग, स्क्रू-ड्रायव्हरची जागा, पेडलचे आकडे लिहून ठेव. ऑर्केस्ट्रावाल्यांना तुझं वाजवणं बिघडलेलं वाटलं, त्यात थोडा भाग त्यांच्या कानांचा आहे. पण थोडा तुझाही असू शकतो. काल निघालेला आवाज आज पुन्हा काढून दाखवता येतो का? येत असेल तर तू वादक आहेस. येत नसेल तर अजून शोधतो आहेस. शोधण्यात कमीपणा काहीच नाही. पण शोधणाऱ्याने बोनसच्या दिवशी राजीनामा देऊ नये.

झालं, सांगून टाकलं. दिवाळीला नोकरी सोडू नकोस. आता कारण सांगते, आणि ते तुझ्याच लाडक्या माणसाच्या आयुष्यातून सांगते.

नेल्स क्लाइन 1956 सालचा, लॉस एंजेलिसचा. जुळा भाऊ अ‍ॅलेक्स ड्रम वाजवतो. दोघं लहानपणापासून एकत्र वाजवत वाढले. तू ज्याला ऐकून फिरलास तो विल्को या रॉक बँडमधला नेल्स असणार, 'इम्पॉसिबल जर्मनी'मधला. ते गाणं 2007 च्या अल्बममधलं. विल्कोमध्ये तो गेला 2004 मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी काय करत होता? कित्येक वर्षं एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करत होता. ऐंशीच्या दशकात भाऊ आणि दोन मित्रांबरोबर विजेशिवायच्या वाद्यांवर शांत, बारीक विणीचं संगीत वाजवत होता. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 1988 मध्ये आला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. नव्वदच्या दशकात जेराल्डिन फायबर्स नावाच्या ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडमध्ये वाजवलं, माइक वॉट या बासवाल्याबरोबर दौरे केले. 1999 मध्ये एका ड्रमरला सोबत घेऊन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची अवघड, सुटी, तालाच्या चौकटीबाहेरची रचना अख्खी गिटारवर केली. हे सगळं थोड्या लोकांसाठी होतं, छोट्या जागांमध्ये, छोट्या कंपन्यांसाठी.

आणि या सगळ्यात मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते असं: नव्वदच्या दशकात त्याने सांता मोनिकातल्या एका बारमध्ये दर सोमवारी नव्या संगीताची संध्याकाळ चालवली. सोमवार, कारण त्या दिवशी बारला गिऱ्हाईक नसतं. स्वतः वाजवायचं, दुसऱ्यांना बोलवायचं, तिसऱ्यांशी ओळख करून घ्यायची. आठवड्यामागून आठवडे, काही वर्षं. विल्कोचं बोलावणं आलं तेव्हा तो अचानक कुठून उगवला असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी ते सोमवार पाहिले नव्हते.

तू मुंबईला जायचं म्हणतोस, पण मुंबईत नेमका कुणाकडे जायचं म्हणतोस, हे पत्रात एका ओळीनेही नाही. ही एक गोष्ट वाचून मला तुझी काळजी वाटली. पैशाची नाही वाटली तेवढी ही वाटली. अशा प्रकारचं संगीत एकट्याने कुणी उभं केलेलं मला माहीत नाही. न्यूयॉर्कचा सोनिक यूथ हा बँड घे. त्यातला गिटारवादक ली रनाल्डोही 1956 चाच. बँड 1981 मध्ये सुरू झाला, पण त्याआधीपासून ली ग्लेन ब्रँका या संगीतकाराच्या गिटारींच्या ताफ्यात वाजवत होता. अनेक गिटारी एकाच वेळी विचित्र सुरांत लावून भिंतीसारखा आवाज उभा करायचा, हे शिक्षण त्याला तिथे मिळालं. तिथून मग स्वस्तातल्या गिटारी, एकेका गाण्यासाठी वेगळी लावलेली एकेक, तारांखाली ड्रमच्या काठ्या आणि स्क्रू-ड्रायव्हर. मोठ्या कंपनीकडून अल्बम आला 1990 मध्ये, नऊ वर्षांनी. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या केव्हिन शील्ड्सला बघ: गिटारच्या ट्रेमोलो दांडीवर हात ठेवूनच झणकारायचं, म्हणजे सूर कधी जागेवर राहतच नाही, सतत तरंगतो, ती त्याची सही. 1991 मधल्या 'लव्हलेस'नंतर त्याच्या बँडचा पुढचा अल्बम यायला 2013 उजाडलं. आणि रेडिओहेड बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडसारखा एखादा, ज्याला 1991 मध्ये कॉलेजच्या पहिल्याच सत्रात रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि तो कॉलेज सोडून गेला. लोक नेमका ग्रीनवुडचा दाखला देतात. पण त्याच्याकडेही बँड होता, शाळेतल्या मित्रांचा आणि सख्ख्या भावाचा. आधी माणसं होती, मग करार आला.

तर मुंबईच्या आधी नाशिकमध्ये तुझे सोमवार उभे कर. महिन्यातून एकदा चालेल. नाशिकमध्ये हे ऐकणारं कुणी नाही, असं तू म्हणशील. पन्नास लोक नाहीत, मान्य. आठ आहेत. मी या शहरात नाटकवाल्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या आजूबाजूला राहिलेली बाई आहे, मी खात्रीने सांगते, आठ आहेत. त्यातले दोन तुझ्यासारखेच एखाद्या कारखान्यात असतील. एक आर्किटेक्चर कॉलेजात असेल, एक तबला शिकवत असेल आणि शिष्य गेल्यावर भलतंच काही वाजवत असेल. त्यांना शोधायचं तर गाजलेली गाणी वाजवणाऱ्या मंडळींत शोधू नकोस. ढोलवाल्यांत शोध. नाशिक ढोलचा आवाज सगळ्या देशाने उचलला, पण ढोलाच्या शेजारी घुमणारी, किंचाळणारी गिटार ठेवून बघावं असं आपल्या गावात फारसं कुणाला वाटलेलं मला दिसलं नाही. ढोलाचं थोपटणं आणि तुझी सुटी, बेसूर-सुरेल तार. मला हे नुसतं लिहितानाही ऐकावंसं वाटतंय. गणपतीनंतर पथकातली मुलं मोकळी असतात. त्यांच्यातला एखादा, ज्याचा हात ठरलेल्या चालींच्या बाहेर जायला शिवशिवतो, तो पकड. जागेचं म्हणशील तर आवाज मोठा, म्हणून घरची गच्ची नको. निवासी भागात दिवसाला 55 आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, शेजाऱ्यांची त्याहून कमी. अंबड-सातपूरला रविवारी बंद असणारे गाळे आहेत. पाच वर्षं तिथे काम करून एकही ओळखीचा गाळेवाला नाही, असं होणार नाही.

आता पोटाचं. बाबा म्हणतात आवाजावर घर चालत नाही. ते अगदीच चूक नाहीत. तुझ्या अगदी स्वतःच्या, कुणाला न विकलेल्या आवाजावर पहिली दहा वर्षं घर चालणार नाही. क्लाइनचं चाललं नाही. पण त्या आवाजाच्या शेजारची कामं पैसे देतात, आणि त्यातली काही तर असं विचित्र वाजवणाऱ्यालाच देतात. ग्रीनवुडचंच बघ: 2007 पासून त्याचं मोठं काम चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचं आहे. तारवाद्यांचा ताफा घेऊन तो अंगावर काटा येईल असे घसरते सूर लावतो आणि ते गिटारवर केलेल्या प्रयोगांतूनच आलेलं आहे. 2015 मध्ये त्याने जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी कलाकारांबरोबर अल्बम केला, तिथे तर तो बराच वेळ मागे बसून साथ करतो.

नाशिकमध्ये याला समांतर दार आहे आणि ते तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं नाशिक हे केंद्र आहे. शालिमारच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात मी ज्या तालमी आणि प्रयोग पाहते त्यातल्या कितीतरी नाटकांना पार्श्वसंगीत म्हणून इंटरनेटवरून उचललेले तेच ते सिंथेसायझरचे तुकडे लावलेले असतात. एखादा चांगला दिग्दर्शक ताणाचा प्रसंग उभा करतो आणि मागून बाजारातला तयार घुमारा वाजतो, तेव्हा मला अक्षरशः वाईट वाटतं. तिथे तू हवा आहेस. स्प्रिंग घासल्याचा तुझा तो आवाज, ज्याला तुझे बाबा कर्कश म्हणतात, तो एखाद्या अंधाऱ्या प्रवेशात प्रेक्षकांना खुर्चीच्या कडेवर आणून बसवेल. पैसे पहिल्या नाटकाला जवळजवळ मिळणार नाहीत. पण तालमीला बसून नटाच्या श्वासाशी आवाज जुळवायला शिकशील, आणि नाटकवाले पुढे लघुपट करतात, जाहिराती करतात, मालिकांत जातात आणि जाताना आपली माणसं बरोबर नेतात. एक अट मात्र घाल: तुझं नाव पत्रिकेत छापलं गेलं पाहिजे आणि रेकॉर्डिंगचे हक्क तुझ्याकडे राहतील हे दोन ओळींत का होईना, लिहून घे. मोबदला मागाहून वाढतो, हक्क मागाहून मिळत नाहीत.

शिकवण्या घे. नवशिक्यांना साध्या कॉर्ड शिकवताना तुझा हात स्वच्छ राहील. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आणि रिसॉर्टवाले शनिवार-रविवारी दोन तास मऊ गिटार वाजवणारा शोधत असतात. तेही कर, पण महिन्यात दोनदाच्या वर नको. ऑर्केस्ट्रात मात्र परत जाऊ नकोस. त्यांनी तुला काढलं ते तुझ्या भल्याचं झालं, कारण रोज रात्री दुसऱ्याच्या गाण्यातला सोलो हुबेहूब वाजवून घरी आल्यावर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची ताकद उरत नाही. याउलट क्वालिटीची नोकरी दिवसभर कान मोकळे ठेवते. ती तुला आज नीरस वाटत असेल. माझ्या हिशेबाने तीच तुझी खरी पुरस्कर्ती आहे: दर महिन्याला पैसे देते आणि काय वाजवायचं हे सांगत नाही.

मुंबईतला एक दाखला देते, तो मला फार जवळचा आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास, पुढे सिंथेसायझर. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे वाजवायचे, लग्न-समारंभांतही वाजवायचे. घर त्यावर चालायचं. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर केले, कुणाला न विचारता, आपल्याला वाटलं म्हणून. रेकॉर्ड चालली नाही. 2010 मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि परदेशात ऐकणारे थक्क झाले, कारण ज्या नृत्यसंगीताची सुरुवात अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर झाली असं ते मानत होते, तो आवाज या माणसाने मुंबईत आधीच वाजवून ठेवला होता. उतारवयात ते जगभर त्याचे कार्यक्रम करत फिरले. 2015 मध्ये गेले. अठ्ठावीस वर्षं वाट पाहावी लागली हे तुला निराश करणारं वाटेल. मला त्यात दुसरंच दिसतं. त्यांनी ते नीट रेकॉर्ड करून ठेवलं होतं, म्हणून सापडलं. तुझ्या पत्रात ट्यूनिंगचा उल्लेख आहे, पेडलचा आहे, रेकॉर्डिंगची लिंक नाही. मोबाइलवर का होईना, प्रत्येक बैठक रेकॉर्ड कर, फाइलला तारीख आणि ट्यूनिंगचं नाव दे. वर्षाअखेरी त्यातली चाळीस मिनिटं निवड, स्वतःच्या नावाने इंटरनेटवर प्रसिद्ध कर. रचना प्रसिद्ध झाल्या की आयपीआरएसचं सदस्यत्व घे. 1969 पासूनची ही संस्था संगीतकार आणि गीतकारांची रॉयल्टी गोळा करते, आणि 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी रचना दिली तरी रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा सहजासहजी कुणाला लिहून घेता येत नाही. हे नाटक-लघुपटवाल्यांशी बोलण्याआधी माहीत असू दे.

लाखाच्या हप्त्यावर मी जरा कडक बोलणार आहे. घेऊ नकोस. ज्या फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर गिटारवर तुझा क्लाइन वाजवतो, ज्या गिटारी सोनिक यूथने आणि शील्ड्सने गाजवल्या, त्या त्यांनी धरल्या तेव्हा चलतीच्या बाहेर गेलेल्या होत्या. 1958 मध्ये जॅझवाल्यांसाठी काढलेलं मॉडेल, जॅझवाल्यांनी फारसं घेतलं नाही, म्हणून सेकंडहँड स्वस्तात मिळायचं. त्याच्या ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या मागे तारांचा लांब तुकडा उरतो. तो ब्रिज नीट नाही, म्हणून लोक नाक मुरडायचे. यांनी तो मागचा तुकडाच छेडून बघितला, आणि किणकिणणारा नवा आवाज मिळाला. तू तो आवाज हप्त्यावर घ्यायला निघालास. देशी बनावटीची एखादी जुनी गिवसन किंवा कुणाच्या माळ्यावर पडलेली होबनर घे, दोन घे, एक कायम एका ट्यूनिंगमध्ये ठेव. ब्रिज काढून उलटा बसव, जाड तारा लाव, बघ काय होतं. सोनिक यूथच्या अशाच खास करून घेतलेल्या गिटारी 1999 मध्ये ट्रकसकट चोरीला गेल्या. काही बऱ्याच वर्षांनी परत मिळाल्या, पण बँड थांबला नाही, हाताशी आलेल्या दुसऱ्या गिटारींवर नवं काम सुरू झालं.

आणि संगीतासाठीचं कर्ज किती खोल नेऊ शकतं, ते तर नाशिकला वेगळं सांगायला नको. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा, राजेरजवाड्यांच्या दारातलं गाणं तिकीट लावून सामान्य माणसांसमोर आणणारा माणूस. मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. मग ते पंचवटीत आश्रम करून राहिले. एवढ्या मोठ्या माणसाचं, एवढ्या मोठ्या कामासाठी काढलेलं कर्ज. तुझं तर पेडलसाठी आहे.

अडीच लाखांतले पन्नास हजार बाजूला काढ. एक चांगला माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा हेडफोन, जुनी दुसरी गिटार आणि कानाला लावायचे वादकांचे इअरप्लग, एवढं त्यात बसेल. इअरप्लगला हसू नकोस. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो, पण दर तीन डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती फक्त 15 मिनिटांवर येते, आणि बंद गाळ्यात ढोल आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मिळून शंभर सहज ओलांडतात. तू कारखान्यात मशीनजवळ उभा राहत असशील तर तो भारही त्यात धर. कानात एकदा कायमची शिट्टी बसली की तिला औषध नाही. बाकीचे दोन लाख तसेच ठेव. ते तुझे मुंबईचे पैसे आहेत, फक्त आजचे नाहीत. दरम्यान महिन्या-दोन महिन्यातून एकदा पंचवटी एक्स्प्रेस पकडून जा, एखादा छोटा कार्यक्रम ऐक, संपल्यावर वाजवणाऱ्यांशी बोल, परत ये. पुण्यालाही जा. मुंबईत तुला वाजवायला बोलावणारी चार माणसं नावानिशी सांगता येतील आणि नाटक-लघुपट-शिकवण्यांतून सहा महिने सलग तुझ्या पगाराच्या निम्मे तरी पैसे आले असतील, त्या दिवशी राजीनामा दे. तेव्हा मला विचारायचीही गरज नाही.

बाबांशी वाद घालणं थांबव. त्यांनी आयुष्यभर नोटांच्या, छापील कागदाच्या कारखान्यात नोकरी केली, जिथे एक रेघ चुकली की अख्खा कागद बाद. त्यांना नेमकेपणा कळतो. तुझी ती वही त्यांना दाखव, फ्रेटचे भाग, तारेचं प्रमाण, कुठे कुठला सूर निघतो. मग डोळ्यांदेखत स्क्रू-ड्रायव्हर सातव्या फ्रेटवर ठेवून दोन्ही बाजू वाजवून दाखव आणि सप्तकाचं अंतर त्यांच्याच कानाने ओळखू दे. त्यांना आवडेल असं मी म्हणत नाही. पण मुलगा वेडेपणा करत नाही, काहीतरी शिस्तीने करतोय, एवढं त्यांना दिसलं तरी घरातलं बोलणं बदलेल. खर्चाचा आणि साठवणीचा कागदही त्यांच्यासमोर ठेव.

लग्नाचं एवढंच सांगते की स्थळ बघायला जाशील तेव्हा ही गोष्ट पहिल्या भेटीत सांग, आणि नुसतं 'गिटारची आवड आहे' असं म्हणू नकोस. ती आवड सगळ्यांना असते. 'मी हे वाजवतो' म्हणून फोनवरची तीन मिनिटं ऐकव, रविवार गाळ्यात जातात हे सांग, आणि काही वर्षांनी नोकरी सोडायचा विचार आहे हेही सांग. नकार आले तर येऊ देत. लग्नानंतर हे कळलेल्या मुलीवर आणि तुझ्यावर जो अन्याय होतो तो मी या सदरात पुष्कळ वाचलाय.

धीर सुटेल तेव्हा एक ध्यानात असू दे: क्लाइनने 2016 मध्ये ब्लू नोटसारख्या नामवंत कंपनीसाठी मोठ्या वाद्यवृंदासह एक हळुवार अल्बम केला, तो पंचवीसहून जास्त वर्षं त्याच्या मनात होता. साठीत केला. तू सत्तावीसचा आहेस आणि तुझ्याकडे वेळ आहे, फक्त तो आत्ता शिफ्टमध्ये अडकलाय. म्हणून राजीनामा जिथे आहे तिथेच राहू दे आणि त्याऐवजी या आठवड्यात दुसरा अर्ज लिही: फिरती शिफ्ट बंद करून कायमची पहिली पाळी मिळावी म्हणून. पगारात रात्रपाळीचा भत्ता कमी होईल, तो सोस. दुपारी घरी आलास की संध्याकाळपर्यंतचे तास रोज तुझे, आणि शेजाऱ्यांनाही त्या वेळी फारशी हरकत नसते. सुपरवायझर नाही म्हणाला तर एचआरला जा, आणि तिथेही नाही म्हणाले तर मला परत लिही. पत्राबरोबर रेकॉर्डिंग पाठव.